कोऱ्या लेबलावरचं नाव

ज्याला खोटं वाटतं त्याने इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

ही माझ्या मावसबहिणीची, दीपाची गोष्ट. जून २०२३. बोईसर स्टेशनजवळचं हेतलबेनचं कपड्यांचं दुकान. वेळ भर दुपारची, रात्रबित्र काही नाही.

दीपा दुकानांच्या काचा सजवायची. दिवाळी सेल असो की लगीनसराईचा, तिचा हात लागला की रस्त्यावरचं माणूस थांबलंच म्हणून समजा. त्या दिवशी शाळेचा सेल होता. तिने लहान मुलीच्या पुतळ्याला गणवेश घातला. तो सैल पडला, म्हणून पाठीमागे सात टाचण्या मारल्या. पुढून झकास, मागून टाचण्या. या धंद्यात असंच करतात.

पुतळ्याच्या हातात वही दिली. वहीचं लेबल कोरं होतं.

"दीपा, नाव लिही ने काहीतरी," हेतलबेन गल्ल्यावरून म्हणाल्या. "कोरं खोटं दिसते."

दीपाने घाईघाईत लिहिलं… स्वरा. इयत्ता तिसरी.

स्वतःच्या लेकीचं नाव! दुसरं काही सुचलंच नाही बयेला.

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं…

"ओ."

मागे फक्त पुतळा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. संध्याकाळी बाईंचा फोन आला. "स्वरा आज आली नाही?"

स्वरा तर समोर रडत बसली होती. "मी हजर म्हटलं, आई. दोनदा म्हटलं. बाईंनी बघितलंच नाही."

त्याच्या पुढच्या दिवशी खिचडी वाढणाऱ्या मावशींनी तिचं ताट सोडून पुढच्या मुलीला वाढलं.

तिसऱ्या दिवशी तिची मैत्रीण दीपाला वाटेत भेटली.

"काकू… स्वरा दुकानात काय करते?"

स्वरा दीपाचं बोट धरून उभी होती.

त्याच दिवशी दातिवऱ्याहून दीपाची आई, साखरबाई आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"गो, तुला अक्कल हाय का नाय? लेकीचं नाव पुतल्याला दिलंस? आजवर त्याला कोनी हाक मारली नव्हती. आता तो ओ देनार. जा, आधी फाडून टाक ते! आनि ऐक, तिथं पोरीला हाक मारू नको. तिसऱ्या हाकेला जी ओ देईल तीच तुझी पोर होनार, मग रडून उपयोग नाय."

दीपा स्वराला घेऊन तशीच पळत सुटली. दुकानाच्या दारात तिला उभं केलं. "इथून हलायचं नाही."

काचेच्या आत शिरून तिने लेबल फाडलं. मग तिची नजर पुतळ्याच्या पाठीवर गेली…

एकही टाचणी नव्हती.

गणवेश अंगाला बरोबर बसला होता.

तिने वळून पाहिलं. दारात स्वरा नव्हती.

"स्वरा!"

तिने काचेतून रस्ताभर नजर फिरवली.

"स्वरा!"

बाहेरच्या रिक्षांचा आवाजसुद्धा ऐकू येईना…

घाबरलेल्या आईला कसली आठवण राहते?

"स्वराऽऽ!"

"ओ, आई."

अगदी जवळून. स्वरा तिच्या शेजारीच उभी होती. दीपाने तिला उराशी धरलं, ढसाढसा रडली आणि मागे न बघता घरी घेऊन आली.

घरी गणवेश बदलायला तिने लेकीला पाठमोरी केलं.

पाठीवर… सात टाचण्या.

"काढू नको ना, आई," ती पोर म्हणाली. "सैल होईल."

दीपा धावत दुकानात गेली. काच रिकामी होती.

"पुतळा ने? त्याला तडा गेला," हेतलबेन म्हणाल्या. "आत्ताच भंगारवाल्याला दिला. कुंभवलीचा कोण होता."

दीपाने ते काम कायमचं सोडलं. दर रविवारी ती कुंभवलीला जाते. भंगाराच्या ढिगांमधून नावाने हाका मारत फिरते. लोक वेडी म्हणतात. म्हणोत मेले!

तोवर पोरीजवळ मी बसते. पोर गुणी आहे. चित्रं काढते, जेवते, शाळेत हजेरीही लागते. फक्त मधेच कधीतरी ती हातातला खडू ठेवते. मान वर करते. मला काहीच ऐकू आलेलं नसतं…

आणि ती म्हणते, "ओ, आई."