यामिनीच्या पट्टीवरचे पाच दिवे

"ताई, ही वायर जरा धरता?"

समाजमंदिरात पाय ठेवताच यामिनीच्या हातात वायर आली. समोर साकेत... गावच्या सभेसाठी वर्ध्याहून मशीन घेऊन आलेला, घामेजलेला, ओशाळलेला.

टेबलाभोवती प्रत्येकापुढे माईक आणि पाच दिव्यांची पट्टी. जो जितकं बोलेल, तितके त्याचे दिवे पेटणार. कोणाला बोलायलाच मिळत नाही, ते सगळ्यांना दिसावं.

विषय : गावची उघडी विहीर. मागच्या पोळ्याला बैल धुवायला पाणी काढताना यामिनीचा भाऊ पियुष त्या विहिरीत पडला. वर आला तो मेलेलाच.

वासुदेवराव ●●●●●
रामाजी ●●●●○
यामिनी ○○○○○

"माही पट्टी फुल्ल!" सरपंच वासुदेवरावांनी मांडीवर थाप मारली. "जितलो ना बे, रामाजी!"

मग रामाजीही इरेला पेटला. रस्ता, डांबर, जावई. विहीर राहिली बाजूला.

चहाच्या वेळी साकेत यामिनीजवळ आला. "माझंच चुकलं. यांना निवडणूक वाटली."

"उलटं करा ना, सर. बोललं का विझू द्या."

तो बघतच राहिला. "हे मघाशी का नाही बोललात?"

"मायाकडे कोण पाहून राह्यलं होतं?"

"मी."

यामिनी कपातल्या सायीकडे पाहू लागली.

चहानंतर सगळ्या पट्ट्या पेटलेल्या. बोलणारे एकेक करून अंधारले. मग सगळ्यांच्या माना वळल्या...

यामिनी ●●●●●

"आवाज आलता त्याचा."
●●●●○
"माय धावली."
●●●○○
"बादली तरंगत होती. तो नाई."
●●○○○
"जाळी टाका म्हणून मी दोनदा पंचायतीत आलती. कोणी बसाले नाई म्हटलं."
●○○○○
"आता तो काई येत नाई. पण गावात पोरं हायेत..."
○○○○○

वासुदेवरावांनी टोपी काढली. म्हणाले, "टाकू, पोरी. या हप्त्यातच."

वायर गुंडाळताना तिला टेबलाच्या टोकाशी एक पट्टी दिसली. पाचही दिवे पेटलेले.

"हे कोणाचे?"

"माझे. सभेत मी माझा माईक बंद ठेवतो."

"सभा संपली. लावा आता."

त्यानं बटण दाबलं. घसा खाकरला. "पुन्हा येऊ... मशीन न घेता? तुमच्यासाठी?"

एक दिवा विझला.

यामिनी खिडकीतून विहिरीकडे पाहत राहिली. काठावर पियुषची दोरी अजून तशीच पडली होती.

"जाळी बसू दे आधी," ती म्हणाली. "मंग येजो. बाकीचे चार तवा विझवजो."