बिनचिठ्ठीची वानगी

डॉक्टर नागेंद्र आणि विजयश्री यांची पहिली भेट वजनकाट्यावर झाली. हुलसूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकताच बदलून आलेला हा हळ्ळीखेडचा मुलगा अडत दुकानासमोरून चालला होता. मापाड्या नावाच्या कुत्र्याला चुकवायला गेला, तुरीच्या पोत्याला अडखळला आणि थेट काट्यावर येऊन बसला. विजयश्रीनं त्याला उठवायच्या आधी आकडा वाचला.

'एकसष्ट किलो चारशे. जनावरांचे डॉक्टर हाव म्हणं तुमी, आन् कुत्र्याला भेता?'

'भेत न्हाई. वळख नव्हती.' तो पँट झटकत उठला. 'आता झाली.'

हे तो कुत्र्याकडं बघून म्हणाला की आपल्याकडं, हे तिला काही नीट कळलं नाही. आणि न कळलेली गोष्ट सोडून देणं विजयश्रीच्या स्वभावातच नव्हतं.

तिच्या वडिलांच्या, म्हणजे व्यंकटअप्पांच्या दुकानात काटा तिच्या ताब्यात असे. शेतकरी गाडी आणण्याआधी वानगी आणत – मूठ-दोन मूठ मालाची कापडी पिशवी, आत नावगावाची चिठ्ठी. माल पसंत पडला तर पुढची बोलणी. विजयश्री दाणा दाताखाली धरी आणि मग आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसे. दाणा वाळलेला असला तरी माणूस ओला निघू शकतो, असं तिचं ठाम मत होतं. दुधानं एकदा तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. ही न पोळताच फुंकणारी.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी फळीवर एक पिशवी सापडली. आत चिठ्ठी नव्हती. तुरीच्या दाण्यांत पुठ्ठ्याचा एक चपटा डबा पुरलेला, आणि डब्यात काळ्याभोर चॉकलेटच्या सोळा वड्या.

'कुणाची तरी तूर ओली हाय,' ती म्हणाली. 'उगंच कोन गोड देतंय?'

हमाल रेवणप्पानं डब्यात डोकावून पाहिलं. 'अक्का, तूर वाळलेलीच असंल. देणाराचं मन ओलं झालं असंल.'

'तुमी पोती उचला.'

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून बसली. खताच्या दुकानातला पोरगा आज कामून हसला? बँकेतला शिपाई दोनदा कामून आला? आणि तो डॉक्टर... तो रोज अकराला समोरच्या हॉटेलात चहाला येई. हॉटेलात बाक चार, पण हा बसणार नेमका तिच्या दुकानाकडं तोंड असलेल्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी तो काट्याजवळ येऊन म्हणालाच, 'काय म्हणतेत वानग्या?'

'एक बिनचिठ्ठीची आली व्हती. चॉकलेट व्हतं त्यात. फेकून दिलं.'

'फेकून...?'

'नाल्यात. कोन काय कालवलं असंल, कुणाला ठावं?'

त्याचा चेहरा किंचित उतरला. तिनं तेही मनात टिपून ठेवलं.

आता खरं सांगायचं तर डबा नाल्यात गेलाच नव्हता. तो वानग्यांच्या फळीमागं होता. हमाल चहाला गेले की विजयश्री एक वडी तोंडात ठेवी आणि ती कडूगोड चव जिभेवर हळूहळू विरघळू देई. समोर बाकावर त्याच वेळी डॉक्टर बशीत चहा ओतत असे. आपण पुरावा तपासतो आहोत, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. अकरा दिवसांत अकरा वेळा पुरावा तपासून झाला.

बाराव्या दिवशी अप्पा बीदरला गेले होते. तिनं डबा काढला, तेवढ्यात त्यांचा फोन आला – मागच्या खोलीत सोयाबीनची किती पोती उरलीत, बघून सांग. डबा स्टुलावर राहिला. ती परत आली तेव्हा डब्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि मापाड्या मिशा चाटत होता.

आधी तिला हसू आलं. मग कुठंतरी ऐकलेलं आठवलं, की चॉकलेट कुत्र्याला विष असतं, आणि तिनं रेवणप्पाला हाक मारली. नऊ वर्षांपूर्वी काट्याखाली थंडीनं कुडकुडत सापडलेलं पिल्लू हे. गल्लीतल्या कुणावर तिचा भरवसा नव्हता, पण मापाड्यावर होता.

रेवणप्पा बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं घेऊन धावला. 'अक्का, जबडा धरा. मीठपाणी पाजलं की भडाभडा वकतंय. बैलाला आमी हेच करतोत.'

तिनं जबडा धरला. नळकांडं दाताला लागणार, तोच कुणीतरी ते बाजूला सारलं. डॉक्टर नागेंद्र. चहा त्याच्या शर्टावर सांडला होता.

'मीठ नका देऊ. बैलाचा उपाव हितं चालत न्हाई, मीठच बाधंल ह्याला. काय खाल्लं?'

'चॉकलेट.'

'कवा?'

'धा मिनटं झाली असतील.'

तिनं डब्याचा तुकडा पुढं केला. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. 'काळं चॉकलेट. हेच लई वाईट असतंय.' मग अगदी हळू त्यानं विचारलं, 'सोळाच्या सोळा?'

कुत्रं मांडीवर, डोळ्यांत पाणी, तरी विजयश्रीचे कान टवकारले. 'सोळा व्हत्या, हे मी कुटं सांगितलं?'

तो बाहेरच्या मोटारसायकलकडं वळला.

'सांगा की. तुमाला कसं कळलं?'

'मीच ठेवला व्हता.' तो तिच्याकडं न बघता मोटारसायकलवरची पेटी सोडू लागला. 'वानगी आवडली तर पुढं बोलू म्हणलं. चिठ्ठी लिहायचा धीर झाला न्हाई. तुमी नाल्यात फेकलं म्हणल्यावर तर... जाऊ द्या. भांडण मागून करू. आदी वजन.'

मापाड्या एकटा काट्यावर थांबेना. तेव्हा तिनं त्याला उचलून उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची असं ठरलं.

'तोंड तिकडं करा,' ती म्हणाली.

'अवो, कुत्रं मरायलंय आन् तुमी –'

'करा म्हणते ना.'

त्यानं निमूटपणे भिंतीकडं तोंड केलं. तिनं मनात वजाबाकी केली. 'अठरा किलो दोनशे.'

'आता नीट ऐका.' त्याचा आवाज बदलला. मघाचा अवघडलेला मुलगा कुठल्या कुठं गेला. 'उलटीचं इंजेक्शन मी आत्ताच देतोय. पर पुढचं किती खाल्लं त्यावर हाय. सोळा असतील तर काळीज लई जोरात पळंल, झटके येतील, सलाईनवर ठेवावं लागंल. म्हणजे गाडी करून बीदर, दीड तास. वाटंत काय झालं तर माझ्या हातात काई न्हाई. चार-पाच असतील तर प्रवासाचा ताण कशाला, हितंच निभंल. किती?'

विजयश्री मापाड्याला मांडीवर घेऊन खाली बसली. पाच म्हटलं, की अकरांचा हिशेब द्यावा लागणार, तोही ह्याच माणसाला, आणि रेवणप्पाच्या देखत. मांडीवर मापाड्या धापा टाकायला लागला होता, उठत होता, बसत होता.

'पाच,' ती म्हणाली.

त्यानं सुई भरता भरता वर पाहिलं. आजवर ती दुसऱ्यांकडं जसं बघत आली होती, अगदी तसाच तो आज तिच्याकडं बघत होता. 'बाकीच्या नाल्यात? मंग हा डबा नाल्यातून हितं आला कसा? अंदाजानं बोलू नका. मी चुकलो तर ह्याचा जीव जाईल.'

'अंदाज न्हाई.'

'मंग?'

'अकरा मी खाल्ल्या,' ती म्हणाली. तिची मान खाली होती, पण शब्द स्पष्ट होते. 'रोज एक. तुमी चहा प्यायला बसलाव की.'

रेवणप्पाला अचानक छपराचे पत्रे मोजायची गरज वाटू लागली. डॉक्टरचा सुईचा हात क्षणभर हवेतच थांबला... मग त्यानं मापाड्याची कातडी चिमटीत धरली आणि इंजेक्शन दिलं.

पुढची पंधरा मिनिटं प्रेमकथेत शोभणारी नव्हती. मापाड्या ओकला, पुन्हा ओकला, आणि डॉक्टर काडीनं ते चाळत बसला. चार वड्या ओळखू आल्या, पाचवीचा काळा लगदा. 'पाचच हायत,' तो म्हणाला. तिला वाईट वाटलं नाही. तिनंही तपासलंच असतं. मग त्यानं कोळशाची औषधी पावडर पाण्यात कालवून पाजली, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

दुकानाचं फाटक अर्धं ओढून घेतलं. आलेल्या दोन गाड्या रेवणप्पानं शेजारच्या अडत्याकडं वळवल्या. दर अर्ध्या तासानं डॉक्टर मापाड्याच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावी, आणि विजयश्री त्याच्या तोंडाकडं बघे. खोटं शोधायला नव्हे, या वेळी फक्त कळावं म्हणून. दुपार सरली तशी धाप कमी झाली. चारच्या सुमारास मापाड्या पाय ताणून झोपला, घोरू लागला.

'काळीज सावकाश चाललंय,' नळी कानातून काढत नागेंद्र म्हणाला. 'आजची रात लक्ष ठेवा. थरथरलं तर फोन करा, कितीबी वाजू द्या.'

तिचा जीव भांड्यात पडला, आणि जीव जागेवर आला तसा स्वभावही आला. 'कुत्र्याचे डॉक्टर तुमी. कुत्रं असल्याल्या दुकानात चॉकलेट ठेवलं कामून?'

'चुकलं माझं. मला वाटलं, एका बैठकीत खाऊन टाकाल.' तो थांबला. 'रोज एकच कामून?'

विजयश्री बराच वेळ मापाड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काही तरी फटकळ बोलून सुटता आलं असतं, पण ती थकली होती. आणि हा माणूस तिला आवडत होता, काट्यावर पडला त्या दिवसापासून. आता ते लपवायचा तिला कंटाळा आला होता.

'संपल्यावर परत कुणी ठेवील का न्हाई... भरवसा नव्हता,' ती म्हणाली. 'पुरवून खायले व्हते.'

नागेंद्र हसला नाही. त्यानं काळे झालेले हात उगीच आणखी एकदा रुमालाला पुसले.

'आता चॉकलेट तर आणता येत न्हाई,' तो म्हणाला. 'मंग काय आणू?'

'तुमच्या आईला आणा. बुधवारी. अप्पा दुकानात असतेत.'

'आन् त्यांनी न्हाई म्हणलं तर?'

'अप्पांचं मी बगते,' ती म्हणाली. तो खरंच येईल का, हे ताडायला तिनं त्याच्या तोंडाकडं वर पाहिलंही नाही. 'तुमी या.'