आतून फिरलेली किल्ली

माणसे आत असलेल्या घराचे कुलूप बाहेरून उघडू नये, हा धडा किल्लीमास्तर आपल्या दोन बोटांच्या मोलाने शिकले होते. आठ वर्षांपूर्वी एका मुलाच्या शब्दावर विसंबून त्यांनी त्याच्या बापाचे दार उघडले. म्हातारा आतच होता. चोर समजून त्याने लोखंडी कांब हाणली. बोटे मोडली ती मोडलीच, वर तीन महिन्यांचा तुरुंग घडला.

मास्तरांचे साडू पोलिसांत होते. सुटकेच्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, आतून ओरडतो तो घरमालक आणि बाहेर हत्यारं घेऊन उभा असतो तो चोर. बाकीचं कोर्ट बघतं. पुन्हा असं झालं तर परवाना जाईल आणि बेड्या मलाच घालाव्या लागतील. मग तुमची मेहुणी मला जेवायला वाढेल का?"

तेव्हापासून मास्तरांचा शिरस्ता ठरला. तीनदा दार वाजवायचे, तीनदा विचारायचे. आतून कोणी बोललेच, तर दुकानाचा व घराचा पत्ता असलेले कार्ड दाराखालून सरकवायचे, म्हणजे उद्या कोणी चोर म्हणायला नको. आणि हत्यारे मुकाट्याने पिशवीत घालायची.

त्या दुपारी पन्नाशीच्या एक बाई दुकानात आल्या. पायांत घरातल्या सपाता, हातांवर वाळलेला साबणाचा फेस. विजेचे बिल मात्र त्यांनी न मागता पुढे केले. ते जिन्याखालच्या टपालपेटीतून काढून आणले होते. नाव, पत्ता, सारे चोख.

"एकटीच राहते हो, काका. कचरा ठेवायला बाहेर आले आणि दार लागलं."

तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला ते दार होते. मास्तरांनी तीनदा वाजवले, तीनदा विचारले. त्यांनी वाकून कुलपाच्या भोकाला डोळा लावला आणि ते झटकन मागे सरले.

"बाई, किल्ली आतून लावलेली आहे."

"हो," बाई हलकेच म्हणाल्या. "रोज मीच लावून ठेवते. आज मी बाहेर पाऊल टाकलं... आणि मागे ती फिरली."

भोकातून वर्षानुवर्षे न उघडलेल्या पेटीचा वास येऊ लागला. मग आत पावले वाजली. पावलांमागे फरशीवरून काहीतरी जड, लोखंडी फरफटत येत होते.

"कोण आहे?"

मास्तरांनी वळून पाहिले. आवाज बाईंचाच होता, आणि बाईंचे ओठ मिटलेले होते.

"घर माझं आहे... ती बाई कोण, मला ठाऊक नाही. दार उघडलंत, तर हातात कांब आहे."

बाहेर बाई उभ्या आहेत, हे मास्तरांनी आत सांगितले नव्हते. त्यांची मोडकी बोटे आपसूक मुठीत मिटली. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी कार्ड दाराखाली धरले. ते सोडण्याआधीच आतून ओढले गेले. क्षणभराने आतला आवाज त्यांच्या घराचा पत्ता सावकाश, एकेक शब्द चाखल्यासारखा वाचू लागला.

"घरी... कोण असतं?"

"बायको," मास्तर बोलून गेले. खरे बोलण्याची सवय.

त्यांनी पिशवी उचलली. बाईंनी त्यांची बाही धरली. "काका, तो माझा आवाज आहे हो! एकदा उघडून तर बघा..."

"मला जमायचं नाही. कायदा आतल्याच्या बाजूनं असतो. तुम्ही पोलिसांकडे जा."

"ते विचारतील, आत कोण आहे. काय सांगू? आत मी आहे..."

मास्तर जिना उतरले. मागे वळून पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

मन थाऱ्यावर नव्हते. दुकानाकडे न फिरकता ते गावभर पाय ओढीत हिंडले आणि दिवेलागणीला घरी पोहोचले. त्यांचे दार त्या वेळी कधी कुलूपबंद नसे. आज होते. ते वाकले. किल्ली आतून लावलेली होती.

त्यांनी दार वाजवले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"कोण?" बायकोचा आवाज दबलेला होता.

"अगं, मी. उघड."



"मी म्हणजे कोण? आमचे हे तर मघाशीच आलेत. जेवायला बसलेत..."

"अगं, वेडी का खुळी तू? माझा आवाज ओळखत नाहीस?"

"ओळखते ना," ती रडवेल्या स्वरात म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

मग आतून कोणीतरी खाकरले. थेट मास्तरांसारखे. "कडी काढू नकोस," मास्तरांचाच आवाज तिला समजावू लागला. "बाहेरच्याच्या पिशवीत हत्यारं असतात. साडूंना फोन लाव."

मास्तरांनी आपल्या हातातल्या पिशवीकडे पाहिले. हे कुलूप त्यांनीच बसवले होते. अर्ध्या मिनिटात उघडले असते. त्यांचा हात मात्र पिशवीत गेला नाही. आत फरशीवरून लोखंड फरफटत दारापाशी येत होते, आणि त्या लोखंडाच्या व दाराच्या मध्ये बायको उभी होती.

पायाशी काहीतरी सरकले. दाराखालून त्यांचे कार्ड बाहेर आले होते. त्याच्या कोपऱ्यावर साबणाचा फेस होता, अजून ओला.