पानिपतचे सात फोटो

लतिकाच्या वर्षश्राद्धाला नातेवाईक जमतील तेव्हा टीव्हीवर तिचे शेवटच्या वर्षातले फोटो लावायचे, असं देविकाने ठरवलं. देविका आमची एकुलती मुलगी, गुरुग्रामला राहते. लतिकाचा फोनही तिच्याकडेच असतो.

"बाबा, तुमच्या कॅमेऱ्यातलेपण पाठवा. पानिपतचे आहेत ना? विलासकाका म्हणाले, तुम्ही सगळे गेला होतात. कधी?"

"सात जानेवारीला," मी म्हणालो.

खरं म्हणजे नऊला गेलो होतो. नऊलाच लतिका वारली.

आदल्या संध्याकाळी देविकाने बजावलं होतं, "आईला दम लागतोय. उद्या तिला बिल्कुल एकटं सोडू नका." सकाळी लतिका म्हणाली, "जाऊन या हो. मी काय पळून जातेय?" मी गेलो. आम्ही सहा निवृत्त मित्र दरवर्षी चौदा जानेवारीची गर्दी टाळून, आधीच एखाद्या दिवशी पानिपतच्या स्मारकावर डोकं टेकवून येतो. फोन गाडीतच राहिला. संध्याकाळी दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं, तर लतिका बैठकीत फरशीवर पडलेली, गार.

देविकाला मी सांगितलं, घरीच होतो, आत चहा करत होतो, काही कळलंच नाही. तिने विश्वास ठेवला. वर्षभर दर रविवारी डबा घेऊन येते. मला आता तिच्याशिवाय कुणी नाही.

तारीख बदलणं अवघड नव्हतं. कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, सातही फोटो निवडले, नऊच्या जागी सात केले. वेळा तशाच ठेवल्या. पहिला अकरा दहाचा, शेवटचा बारा पाचचा. फोटो ड्रायव्हरने काढले होते, त्यामुळे सगळ्यांत मी होतो, तपकिरी स्वेटरमध्ये. दुपारी दोनला पाठवून दिले.

अडीचला देविकाचा फोन आला.

"बाबा, यात तुम्ही कुठे आहात?"

मी पुन्हा उघडले. स्मारक, कठडा, पाच जण. विलासच्या शेजारी मी उभा होतो तिथे मागची हिरवळ दिसत होती.

विलासला फोन लावला.

"भाल्या, तू कुठे आलास? वहिनींना बरं नव्हतं म्हणून राहिलास ना. कॅमेरा तेवढा दिलास. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर तुझ्या वाटणीचा पराठा मीच हाणला, यार."

तो पराठा मी खाल्ला होता. वर लोण्याचा गोळा होता.

मी तारखा परत नऊ केल्या. फोटोंत पाचच जण राहिले.

चार वाजता देविका स्वतः आली. चपला न काढताच आत आली आणि लतिकाचा फोन टेबलावर ठेवला.

"यात नऊ तारखेचे सात फोटो आहेत. कालपर्यंत नव्हते. मी शंभरदा बघितलाय हा फोन."

पहिला अकरा दहाचा. जमिनीवरून, तिरका काढलेला. समोर खुर्चीत मी, तपकिरी स्वेटर, हातात पेपर.

दुसऱ्यात पेपर मांडीवर.

तिसऱ्यापासून मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. सहाव्यातही. खुर्चीतून उठलो नव्हतो.

"देवू, मी खोटं बोललो. मी घरी नव्हतो. पानिपतला होतो."

"विलासकाकांशी बोलले मी, बाबा."

तिने सातवा पुढे केला. बारा पाचचा. हा वरून काढलेला होता. लतिका फरशीवर, डोळे उघडे, एक हात वर केलेला. खालच्या कडेला माझ्या चपलेचं टोक.

"हा कुणी काढला?"

मग तिने पर्समधून आमच्या फ्लॅटची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

त्याला आज सहा दिवस झाले. रविवार येऊन गेला.

पानिपतचा रस्ता आता मला नीटसा आठवत नाही. पराठ्याचं मी विलासला पुन्हा विचारलं, तर तो हसला.

सकाळपासून दुसरंच आठवतंय. लतिकाने फोन सहज सोडला नव्हता. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली होती.