चाळीस दिवसांची काच

ताईचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या घरामागच्या भिंतीला तडा गेला. डोंगरमाथ्यावरच्या जुन्या प्रार्थनाघराला तोलणारी, खालपासून माथ्यापर्यंत गेलेली ती उंच भिंत. तिच्या पायथ्याशी आमची मेणबत्त्या ओतायची खोली आणि मागे घर. रोज सकाळी अंथरुणावर चिमूटभर चुना पडलेला असायचा. आई तो झटकून टाकायची.

एके दिवशी मी खिडकी उघडली, तर एक परका तरुण आमच्या भिंतीला कान लावून उभा.

“काय ऐकताय?”

“तुमची आई म्हणतेय, पोरगी आळशी आहे.”

“त्याला कान कशाला लावायला हवा? सगळ्या गल्लीला ऐकू जातं.”

तो हसला. भिंती तपासणारा मिस्त्री होता तो. तडा वर माथ्याजवळ रुंद होता; तिथे त्याच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी बसवायची, तिच्यावर तारीख लिहायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. चाळीस दिवस शाबूत राहिली, तर धोका टळला. तडकली, तर खालची गल्ली रिकामी करायची.

त्याला वाटा दाखवायला बाबांनी मला पाठवलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण. त्याला सबंध सकाळ लागे. प्रत्येक कमानीखाली थांबायचा, दगडावर तळवा ठेवायचा. दर्शनाला आलेली माणसं आम्हाला ओलांडून पुढे जायची. मी तिथेच जन्मलेली, पण पायऱ्यांना मधोमध पडलेले खळगे आणि कमानीच्या पोटातली पाकोळ्यांची घरटी मी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिली.

“मिस्त्री, गोगलगायसुद्धा तुमच्या पुढे जाईल.”

“जाऊ दे. तिच्यासोबत तुम्ही थोड्याच आहात?”

मी मान वळवली… कान मात्र तापले.

भीती दोन्हीकडून होती. काच फुटली तर घर जाणार. नाही फुटली — तर तो जाणार. रोज काचेजवळ पोचताना मी उरलेले दिवस मोजायची.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी मी एकटी वर गेले आणि दगडाने काच ठेचली.

आवाज एवढासाच झाला. पण उतरताना मला पायरी दिसेना. म्हातारा चांभार दारात बसून टाका घालत होता. शेजारीण पाळणा हलवत होती. उद्या हे सगळे माझ्यापायी बोचकी बांधणार होते.

सकाळी मिस्त्री काचेसमोर कितीतरी वेळ उभा राहिला.

“गल्लीला सांगायला हवं,” तो म्हणाला.

“नको… मी फोडली ती.”

“दिसतंय. भिंत सरकली की काच एका रेषेत तडकते. हिचा चुरा झालाय.”

“मग गल्लीला काय सांगणार होतात?”

“नवी काच लावतोय, आणखी चाळीस दिवस थांबा, एवढंच.” तो घुटमळला. “पण का फोडलीत?”

“तुम्ही जाणार होता…”

तो चुना कालवत राहिला. मग त्याने थापी खाली ठेवली. “मला वाटलं, तुम्हाला भिंतीचीच भीती वाटते.”

“तिचीही वाटते.”

नव्या काचेवरची तारीख त्याने माझ्याकडून लिहून घेतली — कुंचला माझ्या हातात, माझा हात त्याच्या हातात. आकडे वाकडे आले.

पुढचे चाळीस दिवस आधीपेक्षा वाईट गेले. आता काच तडकली, तर ते मीच ओढवून घेतलं असणार. पाकोळी फडफडली तरी मी दचकून वर बघायची. शेवटच्या सकाळी आम्ही दोघं एकेक पायरी करत वर गेलो. काच शाबूत होती.

तरीही तो गेला नाही. आमचं लग्न झालं, मुलं झाली. तरी सकाळी अंथरूण झटकताना माझा हात आधी चुना चाचपायचा. हे म्हणायचे, “मी आहे ना इथे.” भिंत अजून उभी आहे.

धाकटी नात जन्मली त्या वर्षी, ती तीन महिन्यांची असताना, एका मंगळवारी सकाळी माझे मिस्त्री अंथरुणातच गेले.