उतारावरची खुर्ची

ताई रविवारी निघणार होती. सहा महिने परक्या देशात, एका शाळेत मुलांना फुकट शिकवायला. तिची बॅग दोनदा भरून दोनदा रिकामी झाली होती. जेवणं आटोपून आम्ही सगळी भावंडं गच्चीवर पसरलो होतो. मामा वर आले, कठड्याला पाठ टेकून बसले आणि ताईला म्हणाले, तिथली भाषा कितपत येते? ताई म्हणाली, कामापुरती येईल, मन स्वच्छ असलं की भाषेवाचून अडत नाही.

मामांनी पाय लांब केले. मग म्हणाले, "आमच्या होयबालाही असंच वाटायचं."

होयबा म्हणजे मामींच्या थोरल्या भावाचा मुलगा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. कुणाचं घर हलवायचंय, बोलवा होयबाला. शेजारणीचं मांजर डॉक्टरकडे न्यायचंय, बोलवा होयबाला. नाव त्यावरूनच पडलं. पुढचं सगळं मामांच्याच तोंडून ऐकलेलं, त्यांच्याच शब्दांत.

हे त्याने मला समोर बसून सांगितलंय. आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही, थापा मारायला डोकं लागतं.

तीन वर्षं झाली. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. हिच्यासारखाच फुकट काम करायला तो परदेशी गेलेला, जाऊन पाच आठवडे झाले होते. काम वृद्धाश्रमात. वीस-पंचवीस म्हातारी माणसं, बरीचशी अंथरुणाला नाहीतर खुर्चीला खिळलेली. त्यांना भरवायचं, अंग पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत न्यायचं. हा जीव तोडून करायचा. भाषा मात्र काही केल्या वळेना. ऑफिसच्या भिंतीवर नव्या स्वयंसेवकांसाठी एक कागद लावलेला होता. तीस वाक्यं. तेवढी त्याला पाठ.

त्या तिसांत 'नाही' नव्हतं. चुकून राहिलेलं नव्हे, मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. तिथल्या मोठ्या सिस्टरांचा दंडकच होता, म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. आजोबा म्हणाले घरी सोडा, तर 'थोड्या वेळाने'. आजी म्हणाल्या मुलाला बोलवा, 'थोड्या वेळाने'. मन मोडत नाही, आणि तेवढ्यात ती विसरतात. होयबाला हे फार आवडलं. त्याच्या स्वभावाचा देश सापडला म्हणा ना. आणि जे कळायचं नाही, त्याला तो सरळ 'हो' म्हणायचा. हसून. समोरचा खूश, हाही खूश.

(इथे ताई म्हणाली, सगळेच करतात मामा, मीसुद्धा व्हिडिओ कॉलवर तेच करते. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे सांगायला लागले.)

त्या दिवशी एका आजोबांची खुर्ची दुरुस्तीला टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं. चार महिने थांबून मिळालेली तारीख. आश्रमाची गाडी नेमकी बंद. सिस्टर म्हणाल्या, उजाडल्यावर बघू. पण याला कुठला धीर. दोन किलोमीटर तर आहे, मी आत्ता ढकलत आणतो, म्हणाला आणि निघाला.

दुकान टेकाडावर, आश्रम खाली. रात्री आठ चाळीसला पोचला. दुरुस्तीवाल्याने चाक गरगर फिरवून दाखवलं, ब्रेक ओढून दाखवला. मग रस्त्याकडे हात करून बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. हा म्हणाला, हो. दुरुस्तीवाल्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. हा पुन्हा म्हणाला, हो हो. मग त्याने मान हलवली आणि शटर ओढलं.

भुरभुर पाऊस होता. एका बाजूला बंद घरं, दुसऱ्या बाजूला गोदामाची लांब भिंत. रिकामी खुर्ची खडखड करत पुढे चाललेली. भिंत संपते तिथे बसथांबा. बाकावर एक म्हातारी बसलेली. डोक्यावरून शाल, हात मांडीवर. या वेळी कुठली बस, याला वाटलं. थांबला.

तिने खुर्चीकडे पाहिलं. काहीतरी विचारलं. एकच वाक्य, शेवटी सूर वर गेलेला, म्हणजे प्रश्न. याला वाटलं, खालपर्यंत सोडतोस का म्हणत असेल.

हा म्हणाला, "हो."

उचलूनच बसवावं लागलं तिला. पाय लुळे होते. याने वाकून एकेक पाय खुर्चीच्या खालच्या फळीवर ठेवला. हातांना गारवा लागला, सर्दावलेल्या पिठासारखा. पण पाच आठवडे तेच काम, त्याला किळस नव्हती. उलट बरं वाटलं. निघाले.

खुर्ची ढकलताना पुढच्याचं तोंड दिसत नाही, बरं का. नुसती शाल दिसते.

शंभरेक पावलांवर तिने पुन्हा विचारलं. तेच वाक्य. हा म्हणाला, "हो आजी, हो." आणि त्याला जाणवलं, आपल्या बुटांत पाणी शिरलंय बहुतेक. पावलं जड पडताहेत. त्याने खाली पाहिलं. बूट कोरडे होते.

फळीवरची बोटं हलत होती.

त्याला आनंद झाला हो. गाढवाला आनंद झाला. वाटलं, गारठ्याने आखडले असतील पाय, सुटले आता.

मग उतार लागला. खुर्ची उतारावरून नेण्याची एक रीत असते. तोंड खाली करून न्यायची नाही, माणूस पुढे कोसळतो. खुर्ची फिरवायची, आपण मागे मागे चालत उतरायचं. त्याने तसंच केलं. आता दोघांची तोंडं चढाकडे. मागचं त्याला दिसत नव्हतं. समोर ओला रस्ता, वर बसथांब्याचा दिवा.

तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"हो," तो म्हणाला.

फळीवर टक टक सुरू झाली. टाच, चवडा. टाच, चवडा. त्याच्या पावलांच्या ठेक्यात. तो थांबला... टकटक थांबली नाही.

आता त्याला पोटऱ्या कळेनात. मग गुडघे. अर्ध्या उतारावर, भरलेली खुर्ची अंगावर आलेली, आणि खाली पाय आहेत की नाहीत... त्याने ब्रेक ओढले. मुठी धरून लोंबकळला.

तिने चौथ्यांदा विचारलं. तितक्याच शांतपणे.

या वेळी तो हो म्हणाला नाही. खिशातून फोन काढला. भाषांतराचं ॲप होतं त्यात, वर रेंज नव्हती, इथे आली होती. एका हाताने मूठ धरून त्याने फोन तिच्या शालीजवळ नेला. तिने पुन्हा म्हटलं. ॲपकरताच म्हटल्यासारखं.

पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली.

माझ्या जागी बसशील?

 

ती उठली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून, नीट, स्वतःच्या... पायांवर. याच्याकडे वळली नाही. हात मागे नेऊन रिकाम्या बैठकीवर थोपटलं. ये, म्हटल्यासारखं.

याचं कमरेखालचं काही शिल्लक नव्हतं. वाऱ्यावर कपडा लटकावा तसा तो मुठींना लटकत होता. नाही म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मराठीत म्हटलं असतं तरी चाललं असतं कदाचित. पण पाच आठवडे रोज शंभर वेळा जे म्हटलं, तेच तोंडात आलं. सवयीने. हसूनसुद्धा, म्हणे.

"थोड्या वेळाने, आजी."

...

तिने मान डोलावली. पटल्यासारखी.

आणि चढ चढून गेली. ताठ, झपझप, तरण्या बाईसारखी. वळणापर्यंत पावलांचा आवाज येत होता.

तो किती वेळ तिथे होता, त्याला माहीत नाही. पायांत मुंग्या आल्या, मग पाय आले. दहा वाजून दहा मिनिटांनी तो आश्रमाच्या दारात होता. आजोबांचं ऑपरेशन सकाळी झालं. छान झालं.

सिस्टरांना त्याने दुपारी सांगितलं, फोनच्या मदतीने. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, तू काय उत्तर दिलंस? त्याने सांगितलं. त्या उठल्या, भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या, आणि ती एक ओळ पेनाने खोडली. आरपार, कागद फाटेपर्यंत. म्हातारी कोण, हे त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्याचं परतीचं तिकीट काढून दिलं.

मामांचं सांगून झालं. ताईच्या धाकट्या भावाने विचारलं, मग आता तो बरा आहे ना? चालतो ना?

चालतो की, मामा म्हणाले. रोज तीन किलोमीटर चालत कामावर जातो. परवा माझ्यासमोर जिना उतरून गेला.

"मग झालं तर," ताई म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

मामांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. म्हणाले, परतल्यावर त्याने नवे बूट घेतले. तीन वर्षं तेच घालतो, दुसरा जोड नाही. गेल्या आठवड्यात एकाची वरची शिवण उसवली, मी बरोबरच होतो, म्हणून आम्ही चांभाराकडे थांबलो. चांभाराने बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला. मग मला विचारलं, होयबाला नाही, मलाच, हळू आवाजात...

"घरात कुणी जागेवरच पडून असतं का, साहेब?"

मी बूट घेऊन पाहिला. तळाला एक ओरखडा नव्हता. दुकानाने चिकटवलेलं किमतीचं लेबल तसंच होतं. कोरडं. चारही कोपरे शाबूत.