पोह्यांच्या जागी बिअर

होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या, दुकानात काउंटरवर बाटली ठेवून सुरुची म्हणाली, "मेलीय ही!"

दुकानदार आत गेला होता, म्हणून मराठीत म्हणाली. ख्राइस्टचर्चमध्ये मराठीत चिडलं की कुणाला कळत नाही, आणि मन मात्र मोकळं होतं.

"मेली नसेल," मागून आवाज आला. "झोपली असेल."

ती वळली. दाढीत बाहेरचा पाऊस घेऊन आलेला एक उंच मुलगा. पायांत, इथल्या ऐन हिवाळ्यात, जुलैच्या गारठ्यात, जँडल्स, म्हणजे रबरी सपाता.

"तुम्ही डॉक्टर?"

"हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दीनानाथ."

"दीनानाथ? वय काय तुमचं?"

"एकोणतीस. नाव आजोबांचं. चांगल्या स्थितीत होतं, म्हणून घरच्यांनी परत वापरलं."

त्याने बाटली दिव्यासमोर धरली, गंभीरपणे, फुप्फुसं बघावीत तशी. मग विचारलं, "उघडू?"

झाकण निघालं. आवाज नाही, बुडबुडा नाही. त्याने सरळ तोंडाला लावली... आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"धणे आणि संत्र्याची साल?"

"हो." ती उगाचच लाजली आणि स्वतःवरच वैतागली.

"चव कमाल आहे. फक्त गॅस नाही. भरताना साखर घातलीस?"

"मोजून."

"मग ठेवलीस कुठे?"

"गॅरेजमध्ये. तांदळाच्या पोत्यामागे. आई आलीय पुण्याहून."

"तरीच! बाटलीतलं यीस्ट साखर खातं, तेव्हा गॅस होतो. या थंडीत ते बिचारं काय खाणार, मीसुद्धा सकाळी उठत नाही. उबेत ठेव. रोज हलकेच उलटीसुलटी कर, तळाचं यीस्ट जागं होईल. दोनेक आठवडे लागतील."

"त्यापेक्षा प्रत्येकीत अजून चमचाभर साखर टाकते."

"टाक. मग एकेक बाटली फुटेल, आणि भूकंप समजून शेजारचे टेबलाखाली जातील."

तिला हसू आलं. हसायचं अजिबात ठरलेलं नव्हतं.

"दोन आठवड्यांनीच तिकडे उत्तरेतल्या रोटोटुनाहून चिराग येतोय," ती म्हणाली. "मला बघायला. मी आईला ठणकावून सांगितलंय, पोहे करणार नाही. माझ्या हातची, माझ्या आवडीची वस्तू देईन. आईला वाटतंय, केक."

"आणि ही सपक निघाली तर?"

"तर आई म्हणेल, त्यापेक्षा पोहे बरे होते. मग मी जन्मभर पोहे करीन."

दीनानाथने बाटली काउंटरवर ठेवली. "असं होऊ द्यायचं नाही," तो म्हणाला. जँडल्समधल्या माणसाने इतकं शूर दिसावं, हे तिला जरा अन्यायाचंच वाटलं.

सुरुचीच्या घरात उबेची जागा एकच होती, हॉट वॉटर कपबर्ड. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट सध्या आशालताबाईंच्या, म्हणजे आईच्या, ताब्यात होतं. तिथे त्या दही लावत. सुरुचीने क्रेट उचलला आणि स्वयंपाकघरातून, आईच्या डोळ्यांदेखत नेला.

"काय ते?"

"बिअर. मी केलेली. आणि मी पितेसुद्धा."

आईने क्रेट आधी नीट न्याहाळला. मग म्हणाली, "विरजणाला धक्का लावू नकोस."

दीनानाथ रोज संध्याकाळी बाटल्या उलटायला येऊ लागला. त्या कामाला दोन माणसं लागत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. अरुंद कपाट, ऊब, बोटांना बोटं लागत... आणि पाठीमागून रोज तेच, "विरजणाला धक्का नको!"

"उद्या चिराग येणार," शेवटच्या संध्याकाळी तो बाटलीशीच बोलल्यासारखं म्हणाला. "फसफसावी असंही वाटतंय. आणि... फसफसू नये असंही."

"का?"

"त्याला आवडली तर?"

सुरुचीने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "उद्या ये तू. फुटल्या तर जबाबदार कोण?"

चिराग कपड्यांच्या कडक इस्त्रीसकट आला. सुरुचीने त्याच्यासमोर झाकण उघडलं.

फस्स्स!

पांढराशुभ्र फेस ग्लासच्या काठावर येऊन थांबला. आईने नकळत टाळी वाजवली आणि मग पदर सारखा केला.

"स्वीट ॲज, एकदम झकास," चिराग म्हणाला. "पण लग्नानंतर हा छंद... म्हणजे आमच्या घरी..."

"बंद?"

"छे, छे! चारचौघांत दिसू नये, इतकंच."

"गॅरेजमध्ये ठेवीन? तांदळाच्या पोत्यामागे?"

"हां, तसं चालेल की!" त्याला हायसं वाटलं.

"मला नाही चालणार," सुरुची म्हणाली. "तिथे ती झोपते. मीही झोपेन."

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. दीनानाथ ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये पोहे, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. नजर खाली, कारण ट्रे काठोकाठ भरलेला होता.

"रिकाम्या पोटी बिअर बरी नाही," तो पुटपुटला, "म्हणून..."

असल्या बैठकीत पोह्यांचा ट्रे घेऊन जो बाहेर येतो, त्यालाच सगळे बघायला आलेले असतात. हे चिरागला कळलं, आईला कळलं. सगळ्यात शेवटी दीनानाथला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले.

आईने बशी घेतली, घास घेतला, सावकाश चावला. "मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "गाणं येतं का रे?"

"आई, मुलगा मी बघतेय. प्रश्न मी विचारणार." सुरुचीने खुर्ची पुढे ओढली. "बस, दीनानाथ. लाजू नकोस. लग्नानंतर माझ्या बाटल्या कुठे ठेवशील?"

चिरागने तेवढ्यात पोहे आणखी वाढून घेतले. दीनानाथने मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"विरजणाशेजारी," तो म्हणाला. "धक्का न लावता."